हिरव्या कळंकाची साक्ष

दोस्तांनो, दिवाळी जवळ आली की घरोघरी माळ्यावरची भांडी खाली उतरतात. तांब्याचं घंगाळ, पितळेची समई, देवघरातलं ताम्हण, पळी-पंचपात्र. वर्षभर पडून राहिलेल्या या भांड्यांवर काळपट डाग पडलेले असतात, कुठे कानाकोपऱ्यात हिरवट पुटंही चढलेली असतात. मग आजी चिंच भिजत घालते. चिंचेचा कोळ, थोडं मीठ, चिमूटभर राख आणि दोन मनगटांचा जोर! बघता बघता घंगाळ नव्यासारखं लखलखायला लागतं.

आता एक प्रश्न. समजा, साताऱ्याच्या माण तालुक्यात कुणी शेत नांगरतोय. म्हसवडजवळ म्हणा, दहिवडीजवळ म्हणा, नाहीतर थोडं खाली सांगलीच्या आटपाडीकडे. फाळाला काहीतरी खणकन लागलं. बाहेर काढून पाहिलं तर तांब्याचा एक जाड पत्रा, हिरव्या पुटांनी पार माखलेला. वर काहीतरी कोरल्यासारखं वाटतंय, पण वाचता येत नाही. काय कराल? चिंच भिजत घालाल?

थांबा! तो हिरवा कळंक घासून काढला, तर कदाचित दीड हजार वर्षांचा इतिहास मोरीतून वाहून जाईल. कसा, ते पाहू.

माणदेशाचा राजा आणि तांब्याची कागदपत्रं

माणगंगेच्या काठचा हा दुष्काळी मुलूख आज ओळखला जातो तो मेंढरं, माणदेशी खिलार बैल आणि शिखर शिंगणापूरचा महादेव यांच्यासाठी. पण प्रसिद्ध संशोधक महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या मुलखाची आणखी एक ओळख शोधून काढली. साधारण पाचव्या-सहाव्या शतकात राष्ट्रकूटांचं एक घराणं राज्य करत होतं. मान्यखेटच्या प्रसिद्ध राष्ट्रकूटांच्या कितीतरी आधीचं. त्यांचा मूळपुरुष मानांक. त्याच्या वंशात देवराज, भविष्य, अभिमन्यू, अविधेय असे राजे होऊन गेले. त्यांची राजधानी मानपूर. मिराशींच्या मते मानपूर म्हणजेच आपलं साताऱ्याचं माण. काही विद्वान मात्र मानपूर मध्य प्रदेशात शोधतात.

आता गंमत पाहा. या राजांवर कुणी बखर लिहिलेली नाही. त्यांचे किल्ले उभे नाहीत. मग ते होते हे तरी कशावरून कळलं? तांब्याच्या पत्र्यांवरून! राजाने एखाद्याला गाव किंवा जमीन दान दिली की तो हुकूम तांब्याच्या पत्र्यांवर कोरत. भूर्जपत्र कुजतं, ताडपत्राला वाळवी लागते, पण तांबं टिकतं. असे दोन-तीन किंवा जास्त पत्रे एका कडीत ओवायचे, कडीवर राजमुद्रा ठोकायची, झाला ताम्रपट! आजच्या भाषेत सांगायचं तर सातबाराचा उतारा. अभिमन्यू राजाने मानपुरात राहत असताना दिलेल्या दानाचा ताम्रपट सापडला, म्हणून मानपूर हे नाव आपल्याला कळलं. अविधेयाच्या ताम्रपटात पांडुरंगपल्ली हे गाव येतं. तेच आजचं पंढरपूर, असं मिराशींनी दाखवून दिलं.

म्हणजे पाहा, एका अख्ख्या राजघराण्याचं अस्तित्व चार-दोन तांब्याच्या पत्र्यांवर तोललेलं आहे. त्यातला एखादा पत्रा कुणी तांबटाकडे मोडीत घातला असता, नाहीतर अक्षरं झिजेपर्यंत घासला असता, तर?

कळंक म्हणजे काय?

मुळात तांबं निसर्गात बहुतेक वेळा शुद्ध धातूच्या रूपात सापडतच नाही. ते दगडात, म्हणजे खनिजात, ऑक्सिजन, गंधक, कार्बन अशा सोबत्यांना धरून बसलेलं असतं. माणूस भट्टी पेटवतो, सोबत्यांना हुसकावून लावतो आणि तांबं एकटं पाडतो. पण तांब्याला काही चैन पडत नाही. संधी मिळाली की ते पुन्हा आपल्या जुन्या सोबत्यांकडे जायला बघतं. धातूचं गंजणं म्हणजे त्याचं माहेरी परतणंच म्हणा ना!

तांब्याचा हा परतीचा प्रवास पायरीपायरीने होतो. आधी ऑक्सिजनशी गट्टी जमते आणि तांबूस रंगाचा एक थर बसतो. त्याचं नाव क्युप्राइट. मग ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड येतात आणि त्यावर हिरवागार मॅलॅकाइट तयार होतो. कधी निळाशार ॲझुराइट. ही दोन्ही खनिजं खाणीतही सापडतात. म्हणजे जमिनीत पुरलेला ताम्रपट हजार-दीड हजार वर्षांत हळूहळू पुन्हा खनिज व्हायला लागतो!

आता महत्त्वाची गोष्ट ऐका. हा बदल होताना पत्र्याचा मूळ पृष्ठभाग कुठे जातो? पुष्कळदा तो त्या थरांच्या आतच अडकून राहतो. कोरलेल्या अक्षराची कड खालच्या धातूत उरलेली नसते, ती उरलेली असते तांबूस आणि हिरव्या थरांच्या सीमेवर. वरचा हिरवा थर जाणकार माणूस सूक्ष्मदर्शकाखाली, बारीक हत्याराने, कणाकणाने दूर करतो तेव्हा अक्षर उजेडात येतं. चिंचेतलं टार्टारिक आम्ल मात्र हे बघत बसत नाही. ते हिरवा थरही विरघळवतं आणि तांबूस थरही. खाली उरतो चकचकीत, गुलाबी आणि मुका पत्रा.

एवढंच नाही. वस्तू कापडात गुंडाळून पुरलेली असली, तर कापड कुजून जातं, पण त्याच्या विणीचा ठसा या थरात उमटून राहतो. उभे धागे किती, आडवे किती, तेही मोजता येतं. एका कळंकात केवढी साक्ष!

काशाला रोग होतो!

पण मग कळंक नेहमी चांगलाच का? नाही. कळंकात दोन जाती आहेत, एक राखणदार आणि एक चोर.

मॅलॅकाइटचा घट्ट, गुळगुळीत थर राखणदार असतो. तो खालच्या धातूवर पांघरूण घालतो, हवा-पाणी आत शिरू देत नाही. चोर येतो तो मिठाच्या वाटेने. मातीतल्या क्षारांतला क्लोरीन तांब्यापर्यंत पोचला की तिथे फिकट, मेणासारखं एक संयुग तयार होतं. त्याला म्हणतात नँटोकाइट. जमिनीखाली असेपर्यंत ते गुपचूप बसतं. वस्तू बाहेर काढली, दमट हवा लागली की मात्र त्याचं पित्त खवळतं! त्यातून फिकट हिरवी भुकटी बाहेर पडायला लागते आणि थोडं हायड्रोक्लोरिक आम्लही तयार होतं. ते आम्ल शेजारचं ताजं तांबं खातं, पुन्हा नँटोकाइट बनतं, पुन्हा भुकटी, पुन्हा आम्ल. असं चक्र सुरू होतं. दोन हजार वर्षं जमिनीत टिकलेली मूर्ती संग्रहालयाच्या कपाटात काही वर्षांत पोखरून जाऊ शकते.

याला संग्रहालयवाले ‘ब्राँझचा रोग’ म्हणतात. तो खरं तर जंतूंमुळे होत नाही, पण वागतो रोगासारखाच. या चक्राची उकल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्थेलो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने केली.

आता आपल्या भागाचाच विचार करा. माणात पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास. मुरमाड, निचऱ्याची जमीन. अशा जागी पडलेल्या तांब्याच्या नाण्याला ओलावा कमी. तेच नाणं सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनीत गाडलं गेलं असेल तर? तिथे उसाला भरमसाट पाणी दिल्यामुळे जमिनीतले क्षार वर आलेले. ओलही आहे आणि मीठही आहे. चोराला आयतं निमंत्रणच! म्हणून वस्तू कुठल्या मातीतून आली हेसुद्धा तिच्याबरोबर टिपून ठेवावं लागतं.

तेव्हा डॉक्टरांसारखाच प्रश्न उभा राहतो. समोरचा हिरवा ठिपका राखणदार की चोर? नुसत्या डोळ्यांनी दोघेही हिरवेच दिसतात. उपचार करण्याआधी निदान हवं. आणि निदान करायला पेशंटचा हातच तोडून प्रयोगशाळेत पाठवायचा, हे काही बरोबर नाही.

हजेरी क्ष-किरणांची

पूर्वी असंच करत. एखाद्या मूर्तीत तांबं किती, कथील किती हे काढायचं तर मागच्या बाजूने भोक पाडून थोडा कीस काढायचा, आम्लात विरघळवायचा आणि मग मोजमाप करायचं. उत्तर अचूक मिळे, पण तुकडा कायमचा गेला. एकुलत्या एका वस्तूला किती भोकं पाडणार?

मग शास्त्रज्ञांनी वस्तूला धक्काही न लावणाऱ्या पद्धती शोधल्या. त्यातली सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत क्ष-किरणांची. हाडाचा फोटो काढतात तेच किरण, पण वापर वेगळा.

अणूच्या केंद्राभोवती इलेक्ट्रॉन मजल्यामजल्यांवर राहतात अशी कल्पना करा. बाहेरून आलेल्या क्ष-किरणाने तळमजल्यावरचा एक इलेक्ट्रॉन हुसकावून लावला. तळमजल्याची खोली रिकामी झाली. लगेच वरच्या मजल्यावरचा एक इलेक्ट्रॉन खाली उडी मारतो. उडी मारताना जास्तीची ऊर्जा तो नव्या क्ष-किरणाच्या रूपात बाहेर फेकतो. आणि ही ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेली! तांब्याची ८.०५, जस्ताची ८.६४, कथिलाची २५.२७ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट. मूलद्रव्याचा क्रमांक आणि हे किरण यांचं नातं हेन्री मोझली या इंग्रज तरुणाने १९१३ साली शोधून काढलं. दोनच वर्षांनी, वयाच्या अवघ्या २७व्या वर्षी, तो पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला.

थोडक्यात, हे यंत्र म्हणजे वर्गात हजेरी घेणारे गुरुजी. किरण सोडला की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या आवाजात ‘हजर’ म्हणतं. आवाजावरून ओळखायचं कोण कोण आलंय, आणि आवाज किती मोठा यावरून किती जण आलेत. हल्ली तर हे यंत्र केस वाळवायच्या ड्रायरएवढं, हातात धरता येईल असं मिळतं. वस्तूवर टेकवायचं, मिनिटभर थांबायचं, उत्तर हजर. याच तत्त्वावर चालणारं एक उपकरण २०२३ साली चांद्रयान-३ च्या ‘प्रज्ञान’ गाडीवर बसून चंद्रावर गेलं होतं. तिथल्या मातीत गंधक असल्याला त्याने दुजोरा दिला. चंद्राची माती असो की माणचा ताम्रपट, हजेरीची पद्धत एकच!

रामन यांचा प्रकाश

पण हजेरीने सगळं कळत नाही. समजा यंत्र म्हणालं, ‘तांबं हजर!’ ते तांबं मॅलॅकाइटमधलं की त्या चोरट्या हिरव्या भुकटीतलं? ऑक्सिजन, कार्बन अशी हलकी मूलद्रव्यं तर इतक्या बारीक आवाजात बोलतात की हातातल्या यंत्राला ती ऐकूच येत नाहीत. वर्गात कोण आहे ते कळलं, पण कोण कुणाचा हात धरून बसलंय ते नाही कळलं.

इथे मदतीला येतो आपल्याच देशातला शोध. २८ फेब्रुवारी १९२८ या दिवशी कलकत्त्यात सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी जाहीर केलेला. म्हणून तर हा दिवस आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो. एकाच रंगाचा प्रकाश एखाद्या पदार्थावर टाकला तर परत फिरणाऱ्या प्रकाशातला अगदी थोडासा हिस्सा रंग बदलून येतो. रेणूतले अणू स्प्रिंगने जोडल्यासारखे थरथरत असतात, ते प्रकाशाची थोडी ऊर्जा काढून घेतात, कधी थोडी देतात. प्रत्येक संयुगाची थरथर वेगळी, म्हणून रंगातला बदलही वेगळा. मॅलॅकाइटची सही एक, ॲझुराइटची दुसरी, रोगट भुकटीची तिसरी. लेसरचा बारीक ठिपका टाकायचा आणि सही वाचायची. राखणदार कोण आणि चोर कोण, लगेच उघड!

मात्र इथेही जपावं लागतं. लेसर जास्त जोराचा लावला तर हिरवा मॅलॅकाइट तापून काळा पडतो. वस्तूचा तुकडा काढला नाही म्हणजे तिला इजा झालीच नाही, असं नसतं. म्हणून शहाणा तपासनीस आधी कमीत कमी ताकदीचा प्रकाश वापरतो.

वरवर पाहू नका

आता क्ष-किरणांच्या हजेरीतली एक मोठी मेख सांगतो. धातूच्या वस्तूत हे यंत्र फार खोल बघू शकत नाही. तांब्याचा आवाज येतो तो वरच्या, केसाच्या जाडीएवढ्या किंवा त्याहूनही पातळ थरातून. बाकी सगळं मौन!

नव्या वस्तूत वर-खाली सारखंच असतं, त्यामुळे बिघडत नाही. पण पुरातन काशाची मूर्ती घ्या. कांसं म्हणजे तांबं आणि कथील. हजारो वर्षांत वरच्या थरातलं तांबं विरघळून मातीत निघून जातं, कथील मात्र मागे उरतं. मग यंत्र वरच्यावर बघून म्हणतं, ‘अबब, केवढं हे कथील!’ आत मात्र प्रमाण कितीतरी कमी असतं. भजीचं नुसतं पीठ चाखून आत बटाटा आहे की मिरची ते सांगण्यासारखंच हे.

मग आत डोकावायचं कसं? त्यासाठी न्यूट्रॉन कामाला येतात. न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो, त्यामुळे ते धातूत सेंटीमीटरच्या हिशेबाने खोल शिरतात. त्यांनी काढलेल्या छायाचित्रात मूर्ती पोकळ आहे का, आत मातीचा गाभा राहिलाय का, जोड कुठे दिलाय, हे दिसतं. पण त्याला लागते अणुभट्टी. मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९८५ साली सुरू झालेल्या ‘ध्रुव’ अणुभट्टीवर न्यूट्रॉनने अशी चित्रं घेण्याची सोय आहे. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात ‘इंडस-२’ नावाचं यंत्र अतिशय तेजस्वी क्ष-किरण देतं.

म्हणजे एकट्या यंत्रावर भिस्त ठेवायची नाही. पंचनाम्याला जसे पंच, तसेच इथेही चार-पाच साक्षीदार लागतात.

दायमाबादचा पेच

या साक्षी-पुराव्यांवर किती मोठी गोष्ट अवलंबून असते, ते पाहायला आपल्याच महाराष्ट्रातल्या दायमाबादला चला. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, प्रवरा नदीच्या काठी हे ठिकाण आहे. तिथे १९७४ साली एक भिल्ल शेतकरी झुडपाच्या मुळाशी खणत होता. खणता खणता हाती आल्या चार भरीव मूर्ती! दोन बैल जुंपलेला आणि सारथी उभा असलेला ४५ सेंटीमीटर लांबीचा रथ, एक रेडा, एक हत्ती आणि एक गेंडा. सगळं मिळून वजन ६० किलोंच्या वर. महाराष्ट्रात गेंडा! पाहणारे थक्कच झाले.

पुढे तिथे शि. रं. राव आणि नंतर शं. अ. साळी यांनी उत्खननं केली. तिथल्या वस्तीत सिंधू संस्कृतीच्या उत्तरकाळाचा एक थरही मिळाला. तेव्हा या मूर्ती त्याच काळातल्या, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या, असं बऱ्याच विद्वानांचं मत झालं. तसं असेल तर सिंधूकाठचे ओतारी थेट प्रवरेपर्यंत पोचले होते, असं म्हणावं लागेल!

पण धर्मपाल अग्रवाल या संशोधकाने शंका काढली. मूर्तींच्या धातूच्या विश्लेषणात आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त निघालं. आर्सेनिक म्हणजे ज्याच्यापासून सोमल हे विष बनतं ते मूलद्रव्य. ते तांब्यात मिसळलं की तांबं कडक होतं. अग्रवालांचं म्हणणं असं, की महाराष्ट्रातल्या त्या काळच्या तांब्याच्या वस्तूंत इतकं आर्सेनिक मिसळलेलं दिसत नाही, मग या मूर्ती नंतरच्या कशावरून नसतील? दुसऱ्या बाजूने उत्तर आलं, की हडप्पा-मोहेंजोदडोच्या काही वस्तूंत आर्सेनिक आहेच की! म्हणजे नुसत्या आर्सेनिकवरून निकाल लागत नाही.

बघा हं, शंभर भागांतल्या एका भागावर एवढा वाद! आणि हा एक भाग मोजणंही सोपं नाही. क्ष-किरणांच्या हजेरीत आर्सेनिक आणि शिसं हे अगदी जुळे भाऊ. आर्सेनिकचा मुख्य आवाज १०.५४ आणि शिशाचा १०.५५! ‘हजर’ म्हणालं कोण, तेच कळत नाही. मग त्यांची दुसरी ओळ ऐकावी लागते. आर्सेनिकची ११.७३ वर आणि शिशाची १२.६१ वर. तिथे जुळ्यांचं बिंग फुटतं. घाईघाईने यंत्राचा पहिलाच आकडा लिहून घेणारा इथे हमखास फसतो.

शिवाय धातूच्या अंगावर जन्मतारीख लिहिलेली नसते. लाकडाचं, कोळशाचं वय कार्बनवरून काढता येतं, तांब्याचं तसं काढता येत नाही. वस्तू कुठल्या थरात, कुणाच्या शेजारी सापडली, तो शेजारच तिची तारीख सांगतो. दायमाबादच्या मूर्ती कुण्या उत्खननकाराने थर टिपत काढल्या असत्या, तर हा वाद कदाचित इतका लांबलाच नसता.

नकली शिवराई ओळखा

आता तुमच्या जवळची गोष्ट. शिवराई हे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या काळापासूनचं तांब्याचं नाणं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. सातारा ही मराठ्यांची राजधानी, तेव्हा आपल्या भागात शिवराईचं कौतुक फार. आणि जिथे कौतुक तिथे नकली मालही आलाच. नवं नाणं पाडायचं, मीठ आणि आम्ल लावून हिरवं करायचं आणि जुनं म्हणून विकायचं!

असं नाणं तपासताना दोन प्रश्न विचारतात. पहिला, आत काय आहे? जुन्या भट्टीतल्या तांब्यात शिसं, लोखंड, आर्सेनिक असं काहीबाही थोडंफार राहून जातं. आजच्या विजेने शुद्ध केलेल्या तारेच्या तांब्यात ते जवळपास नसतंच. पितळेच्या मूर्तींबाबत तर आणखी एक युक्ती आहे. जुन्या पद्धतीत तांबं आणि जस्ताचं खनिज एकत्र भाजून पितळ करत. त्या पितळेत जस्ताचं प्रमाण साधारण २८-३० टक्क्यांवर जात नसे. शुद्ध जस्त काढण्याची कला राजस्थानात झावर इथल्या कारागिरांनी मध्ययुगात मोठ्या प्रमाणावर वापरली. तेव्हा कुणी ‘पाचव्या शतकातली मूर्ती’ दाखवली आणि तिच्यात जस्त ३८ टक्के निघालं, तर समजायचं, पाणी मुरतंय!

दुसरा प्रश्न, वर काय आहे? खऱ्या जुन्या कळंकात खाली तांबूस क्युप्राइट, वर हिरवा मॅलॅकाइट असे शांतपणे बसलेले थर असतात. घाईने हिरवं केलेल्या नाण्यावर पुष्कळदा नुसती सैल भुकटी असते, खाली तांबूस थराचा पत्ताच नसतो. म्हातारपणाचं सोंग आणता येतं, सुरकुत्या आणता येत नाहीत!

सापडलं तर काय करायचं?

तर दोस्तांनो, शेतात, विहिरीच्या खणतीत, घराच्या पायात काही जुनं सापडलं तर हे लक्षात ठेवा.

एक, घासू नका, धुऊ नका, वाकवून सरळ करायला जाऊ नका. चिंच, लिंबू, राख, पॉलिश सगळं लांब ठेवा.

दोन, नेमकी कुठे, किती खोल, आणखी कशाबरोबर सापडली ते लिहून ठेवा. जमलं तर फोटो काढा. जागा मात्र आणखी उकरू नका.

तीन, कोरड्या कागदात ठेवून कोरड्या डब्यात ठेवा. बुटांच्या खोक्यात मिळणारी, ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी टाकलीत तर फारच छान. कोरड्या हवेत चोर आळशी होतो.

चार, कळवा. १८७८ सालचा एक कायदा आहे, निखात निधीचा. जमिनीत दडवलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवलंच पाहिजे. लपवणाऱ्याला शिक्षा आहे, पण प्रामाणिकपणे कळवणाऱ्याच्या हक्काचीही त्या कायद्यात तरतूद आहे. गावातल्या मोठ्यांना, गुरुजींना सांगा. तलाठी किंवा तहसीलदार कचेरीतून पुढची वाट सापडते.

करून पाहा

जुन्या वायरमधल्या तांब्याच्या तारेचे तीन सारखे तुकडे घ्या आणि घासून चकचकीत करा. झाकणाच्या तीन बाटल्या घ्या. पहिलीत तार कोरडी ठेवा. दुसरीत ओल्या कागदावर ठेवा. तिसरीत व्हिनेगर आणि मीठ घातलेल्या पाण्याने भिजवलेल्या कागदावर ठेवा. झाकणं सैल लावा. आठ-दहा दिवस रोज एकाच वेळी पाहून वहीत रंग लिहा. हिरवं-निळं आधी कुठे येतं? कोरड्या बाटलीतल्या तारेचं काय झालं? संग्रहालयातल्या कपाटात कोरडी हवा का लागते, याचं उत्तर तुमच्या वहीतच सापडेल. हा हिरवा रंग विषारी असतो, तेव्हा जिभेला लावू नका, प्रयोग झाल्यावर हात साबणाने धुवा आणि बाटल्या स्वयंपाकघरात परत नेऊ नका. आणि हो, प्रयोगाला आजोबांच्या पेटीतली शिवराई मुळीच घेऊ नका!

मानांकाच्या घराण्याचे आणखी ताम्रपट अजून जमिनीखाली असतीलही. त्यातल्या एखाद्यावर मानपूर नेमकं कुठे होतं हे स्पष्ट कोरलेलं असेल आणि जुना वाद एका ओळीत मिटेल. तो पत्रा कुणाच्या फाळाला लागेल हे कुणी सांगावं? पण लागला, तर त्याच्याशी पहिली गाठ शास्त्रज्ञाची पडणार नाही. ती पडेल तुमच्यासारख्याच कुणाची तरी. तेव्हा घरच्या मोठ्यांना आजच सांगून ठेवा, की हिरवं काही सापडलं तर चिंचेचा कोळ घंगाळापुरताच!